टाकळा, गजकर्ण आणि बॅगेतली ट्यूब



ऑगस्ट-सप्टेंबरची दुबई-शारजा आपल्याला नवी नाही. बसथांब्यावर दहा मिनिटं उभं राहिलं की सदरा अंगाला चिकटतो. याच दिवसांत जांघेत, काखेत, कमरपट्ट्याखाली गोल, लाल चट्टा उठतो आणि खाज सुटते. हाच आपला नायटा, म्हणजे गजकर्ण. ही बुरशी आहे. घाम आणि ओलसर कपडे तिला फार मानवतात.

मग गावाकडे आईला फोन जातो. आई म्हणते, "टाकळा वाटून लाव."

आईच्या बोलण्यात तथ्य आहे. कोकणात पावसाच्या सुरुवातीला रस्त्याकडेला उगवतो, आपण भाजी करतो, तोच हा टाकळा. संस्कृतात त्याला दद्रुघ्न म्हणतात. दद्रु म्हणजे गजकर्ण, त्याचा नाश करणारा. त्याच्या बिया लिंबाच्या रसात वाटून लावायची जुनी पद्धत आहे. बियांत क्रायसोफॅनॉलसारखी द्रव्यं असतात आणि प्रयोगशाळेत त्यांचा बुरशीवर परिणाम दिसलेला आहे.

पण काचेच्या बशीतली बुरशी वेगळी आणि कातडीत शिरलेली वेगळी. घरच्या लेपात औषध किती उतरलं, हे कुणी मोजलेलं नसतं. शिवाय खाजवून सोललेल्या कातडीला लिंबाने आग होते. लहान मुलांना तर हे लावूच नका.

तरी मला टाकळ्यापेक्षा जास्त भीती वाटते ती गावाहून बॅगेतून येणाऱ्या ट्यूबची. आमच्याही घरात ती होती. चार दिवसांत खाज थांबली, महिन्याभरात चट्टा पाठीवर पसरला. अशा मिश्र मलमांत बरेचदा स्टिरॉइड असतं. त्याने लाली दबते, बुरशी मात्र आत वाढत राहते आणि कातडी पातळ होते.

त्यातच आता चिवट बुरशी आली आहे. २०२० साली जपानमधल्या संशोधकांनी भारत आणि नेपाळच्या रुग्णांकडून मिळालेल्या बुरशीला ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असं नाव दिलं. टर्बिनाफिन हे नेहमीचं औषध तिला अनेकदा दाद देत नाही.

म्हणून चट्टा त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा आणि आधी काय काय लावलं तेही सांगा. खाज थांबली तरी औषध मध्येच सोडू नका. प्रत्येकाचा टॉवेल वेगळा ठेवा. खोलीत चौघं राहत असाल आणि दोघांना खाज असेल, तर दोघांनीही एकदमच उपचार घ्या.

आणि सुट्टीत गावी गेलात की टाकळ्याची भाजी मात्र पोटभर खा!