बळ आणि उणीव

स्वतःच्या बुद्धीचे बळ आणि तिची उणीव यांचा हिशेब एकाच वहीत मांडणारी माणसे विरळाच. चार्ल्स डार्विन हा त्यांपैकी एक होता.

१८७६ साली, वयाच्या ६७व्या वर्षी, त्याने आपल्या कुटुंबीयांसाठी आत्मवृत्त लिहिले. दीर्घ व अमूर्त विचारमालिका अनुसरण्याची आपली शक्ती बेताचीच आहे, स्मरणशक्ती विस्तृत खरी, परंतु धूसर आहे, असे तो त्यात मोकळेपणाने नमूद करतो. केंब्रिजला असताना, १८२८च्या उन्हाळ्यात, त्याने शिक्षक ठेवून गणिताचा अभ्यास करून पाहिला, पण बीजगणिताच्या पहिल्याच पायऱ्यांशी तो अडखळला. त्याची खंत त्याला पुढे वाटत राहिली. त्याचबरोबर, इतरांच्या नजरेतून सहज निसटणाऱ्या गोष्टी हेरण्यात आपण सामान्यांहून सरस आहोत, हे सांगतानाही तो संकोचत नाही.

आपल्या मताला प्रतिकूल असलेली वस्तुस्थिती अनुकूल गोष्टींपेक्षा लवकर विस्मरणात जाते, असे त्याला अनुभवाने आढळले होते. म्हणून अशी प्रत्येक बाब तत्क्षणी टिपून ठेवण्याचा नियम त्याने अनेक वर्षे पाळला. १८५९ साली त्याचा 'ओरिजिन ऑफ स्पीसीज' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला, तेव्हा आधी विचारात न घेतलेले आक्षेप फारच थोडे निघाले. याचे श्रेय तो त्या टिपणांच्या सवयीला देतो.

गणिताची उणीव अखेरपर्यंत तशीच राहिली. स्मृतीच्या उणिवेवर मात्र त्याने उपाय योजला, कारण ती आहे हे त्याने आधी मान्य केले होते.