डबीच्या आधी ताट

भरतीची चाहूल लागली की परतवाडा-अचलपूरच्या मैदानांवर आणि धामणगाव गढीकडे जाणाऱ्या रस्त्यावर पहाटेच मुलंमुली धावताना दिसू लागतात. पोलीस भरतीत मैदानी चाचणीला ५० गुण. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. त्यासाठी घाम गाळणाऱ्या पोराचं कौतुकच आहे. पण हल्ली या मेहनतीला दोन गोष्टी चिकटल्या आहेत. पोट लवकर आत जावं म्हणून रात्रीचं जेवण तोडायचं, आणि त्यानं थकवा आला, वजनाचा काटा अडला, की 'कॉर्टिसोल कमी करणारी' गोळी घ्यायची. बहुतेक डब्यांत मुख्य माल अश्वगंधेचा अर्क असतो. आज मला एवढंच सांगायचं आहे, आणि ते मी दोनदा-तीनदा सांगणार आहे: मेहनत वाढवून जेवण घटवणाऱ्या निरोगी माणसाचं कॉर्टिसोल चढतं, तेव्हा शरीर अन्न आणि विश्रांती मागत असतं. ती मागणी ताटातून आणि झोपेतून भागवायची. डबीतून ती भागत नाही.

कॉर्टिसोलला हल्ली चोरासारखं वागवतात. खरं तर मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींतून निघणारा हा रस नसेल तर माणूस जगत नाही. पहाटे उठायच्या सुमारास तो सर्वांत जास्त असतो, मध्यरात्री सर्वांत कमी. उपाशीपोटी धावताना रक्तातली साखर टिकवायला तो मदत करतो, साठवलेली चरबी जळणासाठी मोकळी करायलाही हातभार लावतो. म्हणजे चरबी उतरवायला निघालेला माणूस ज्याच्या नावानं बोटं मोडतो, तोच त्याच्या कामाला लागलेला असतो. तो दिवसचे दिवस चढा राहिला तर झोप बिघडते, स्नायू झिजतात, हे खरं. पण तो चढा का राहिला, हे विचारायचं सोडून त्याला खाली ओढायची घाई कशाला?

संत्र्याचा बगीचा असलेल्या माणसाला हे पटकन पटेल. आंबिया बहार घ्यायचा तर आपण हिवाळ्यात ओलीत बंद करतो, मृग घ्यायचा तर उन्हाळ्यात. झाड ताणावर जातं, पानं मलूल होतात, वाढ थांबते, आणि त्या दिवसांत फांदीत साठा होतो. मग वखरणी, शेणखत, हलकं पाणी, की झाड फुलतं. हलक्या जमिनीत ताण लवकर बसतो, भारी काळ्या जमिनीत वेळ लागतो, म्हणून शेजाऱ्याचे दिवस मोजून कोणी आपल्या झाडाचा ताण तोडत नाही. व्यायामाचं असंच आहे. धावणं, जोर-बैठका, वजनं उचलणं हा ताण. जेवण आणि झोप हे पाणी. ताण देऊन वेळेवर पाणी सोडलं तर अंगात बळ येतं. उपाशी राहून दोन्ही वेळ धावणं म्हणजे ताणावरच्या झाडाचं उरलंसुरलं पाणीही तोडणं. अशा झाडावर कोणी पानं मलूल दिसू नयेत एवढ्यापुरती फवारणी केली, तर पानं हिरवी दिसतील, मालक निश्चिंत होईल आणि खाली मुळं वाळत राहतील. एखाद्या गोळीनं थकव्याची जाणीव दाबली गेली, तर त्या पोराचं नेमकं हेच होतं. थांबायला सांगणारी खूणच पुसली जाते.

पुरावा पाहू. अमेरिकेत १२१ स्त्रियांवर झालेला एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. रोज १२०० कॅलरींचं जेवण तीन आठवडे ठेवलं, तर नुसत्या जेवण तोडण्यानंच कॉर्टिसोल वाढलं. त्याच वर्षी शिकागोहून दुसरा अभ्यास आला, दहाच जणांवरचा, पण बारकाईनं केलेला. आहार तोच मोजका ठेवून दोन आठवडे साडेआठ तास अंथरूण आणि दोन आठवडे साडेपाच तास, अशी तुलना होती. वजन दोन्ही वेळा सारखंच, तीन किलोच्या आसपास उतरलं. पण कमी झोपेच्या दिवसांत उतरलेल्या वजनातला चरबीचा वाटा ५५ टक्क्यांनी कमी होता. बाकीची झीज मांसाची होती. पहाटे चारला उठून धावणाऱ्या आणि रात्री बारापर्यंत मोबाईल पाहणाऱ्या मुलांनी हा आकडा लिहून ठेवावा. काटा खूश, आणि मांडीचं मांस गेलेलं.

आता कोणी म्हणेल, अश्वगंधेवरही अभ्यास झालेत. झालेत, आणि ते आपल्याच देशातले आहेत. २०१२ साली ६४ माणसांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रोज ६०० मिलिग्रॅम अर्क ६० दिवस दिला, आणि कॉर्टिसोल सुमारे २८ टक्के उतरलं. पण ती दीर्घकाळ मानसिक ताणाखाली असलेली माणसं होती, जेवण तोडून मैदान मारणारी नव्हती. २०१५ साली ५७ पुरुषांवरचा अभ्यास आला. आठ आठवडे व्यायामासोबत अश्वगंधा घेणाऱ्यांचं छातीच्या व्यायामात उचललं जाणारं वजन ४६ किलोंनी वाढलं, नुसता व्यायाम करणाऱ्यांचं २६ किलोंनी. आकडा मोठा आहे, मी तो लपवत नाही. मात्र ही माणसं व्यायामाला नवखी होती, आणि बळ वाढलं ते कॉर्टिसोल उतरल्यामुळे, असं त्या अभ्यासातून सिद्ध होत नाही. थोडक्या माणसांवरचा, थोडक्या दिवसांचा हा पुरावा आहे. तणावात असलेल्या माणसाला अश्वगंधेचा उपयोग होत असेल, एवढं मी मान्य करतो. उपाशी धावणाऱ्याची चरबी ती उतरवते, हे मात्र त्यातून निघत नाही.

दुसरा आक्षेप जास्त जिव्हाळ्याचा आहे: हे तर आपलं आयुर्वेदाचं औषध, त्यानं काय बिघडणार? मग आयुर्वेदालाच विचारू. चरकसंहितेत अश्वगंधा बल्य गणात आहे आणि बृंहणीय गणातही आहे. बृंहण म्हणजे अंग भरणं. वाळलेल्या, खंगलेल्या माणसाला दुधातुपासोबत पुष्टी यावी म्हणून देण्याचं हे द्रव्य. ते बारीक होण्यासाठी, दूध-तूप बंद करून घ्यायचं, हा उलटा कारभार कोणत्या वैद्यानं सांगितला? आणि चूर्ण वेगळं, दाट केलेला अर्क वेगळा. २०२१ साली आयुष मंत्रालयाला उत्पादकांना सांगावं लागलं की मुळाऐवजी पानं वापरू नका. आइसलंड आणि अमेरिकेतले, अश्वगंधा घेतल्यावर यकृताला इजा झालेले रुग्ण २०२० साली नोंदले गेले, नंतर भारतातलेही. डेन्मार्कनं २०२३ साली अश्वगंधेवर बंदी घातली. असे रुग्ण थोडे आहेत, घाबरवायचा माझा हेतू नाही. पण अंगाला खाज, लघवी गडद, डोळे पिवळे झाले तर गोळी त्याच दिवशी बंद करून अचलपूरच्या उपजिल्हा रुग्णालयात दाखवा. थायरॉइड, मधुमेह किंवा झोपेची औषधं चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये, आणि गरोदर बाईनं तर मुळीच नाही.

'पोट सुटलं म्हणजे कॉर्टिसोल वाढलं' हेही जाहिरातीचं बोलणं आहे. कॉर्टिसोल खरंच बेसुमार वाढण्याचा एक आजार आहे, कुशिंग नावाचा. त्यात चेहरा गोल होतो, पोटावर जांभळे पट्टे उठतात, हातपाय बारीक होत जातात. तो विरळा आहे आणि डॉक्टरांनी तपासून ठरवायचा आहे. अमेरिकेत कॉर्टिसोल उतरवून वजन घटवण्याचा दावा करणाऱ्या 'कॉर्टिस्लिम' या गोळीवर तिथल्या व्यापार आयोगानं २००४ सालीच कारवाई केली होती. आपल्याकडे लठ्ठपणावर इलाज म्हणून औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानं मनाई आहे.

मग करायचं काय, ते आपल्या आखाड्यांकडून शिकू. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथली मंडळी कबड्डी आणि देशी व्यायाम दाखवून आली. आपल्या आखाड्यांत मेहनत आणि खुराक हे शब्द जोडीनंच बोलले जातात. ती जोडी तोडू नका, पोट्ट्यांनो. वजन उतरवायचंच असेल तर जेवण थोडं कमी करा, तोडू नका. वरण, हरभरा, शेंगदाणे, दूध, जमत असेल तर अंडी ताटातून काढू नका. आठवड्यातून एक दिवस धावू नका. सात-आठ तास झोपा. हे तीन आठवडे करा. तरी थकवा गेला नाही, तर आधी रक्त तपासून घ्या, कारण आपल्या भागातल्या मुलींच्या थकव्यामागे पुष्कळदा हिमोग्लोबिन कमी असतं, आणि त्यावर कॉर्टिसोलची गोळी काहीही करत नाही. आईवडिलांना एक विनंती: मुलानं डबीसाठी पैसे मागितले, तर आधी विचारा की काल रात्री तो काय जेवला आणि किती वाजता झोपला.