लिंकनचा फोटो आणि आपली कृतज्ञता

(विहाराच्या वर्धापनदिनी अभ्यासवर्गातर्फे केलेल्या भाषणाचा मजकूर)

 

वर्धापनदिनी विहाराचा जमाखर्च सांगायची रीत आहे. तो आपले चिटणीस सांगतीलच. आम्ही अभ्यासवर्गातली मंडळी तुमच्यापुढे एका भांडणाचा जमाखर्च मांडणार आहोत.

आपल्या वाचनालयात अब्राहम लिंकनचा फोटो आहे, तो तुम्ही सर्वांनी पाहिला असेल. आपल्यातल्या एका ज्येष्ठ बाबांनी गिरणीत असताना, स्वतःच्या पगारातून फ्रेम करून तो आणला. "गुलामांना मोकळं करणारा माणूस हाय, पोरांनी रोज बघावा," असं त्यांचं म्हणणं. यंदा रंगकाम काढलं तेव्हा सगळे फोटो उतरवले. परत लावायच्या वेळी कॉलेजात जाणारी आपली एक मुलगी म्हणाली, "हा फोटो परत लावू नका. हा माणूस काळ्या लोकांना बरोबरीचं मानत नव्हता." बाबांना ते फार लागलं. दोन रविवार वर्गात नुसते आवाज चढले. तिसऱ्या रविवारी ठरलं, आधी वाचायचं, मग बोलायचं. केसपुत्त गावच्या कालामांना तथागतांनी हेच सांगितलं होतं ना? कोणी सांगितलं, ग्रंथात आहे, गुरू म्हणतो, एवढ्यावर मान डोलवू नका, स्वतः तपासा. म्हणून आम्ही तपासलं.

पहिली गोष्ट कबूल केली पाहिजे. मुलगी खोटं बोलत नव्हती. १८५८ साली सिनेटच्या निवडणुकीच्या जाहीर वादसभेत लिंकनने स्पष्ट सांगितलं, की गोऱ्या-काळ्यांची सामाजिक आणि राजकीय समता आपल्याला मान्य नाही. काळ्यांना मताचा अधिकार देण्याच्याही आपण बाजूचे नाही. ऑगस्ट १८६२ मध्ये काळ्या पुढाऱ्यांचं एक शिष्टमंडळ त्याने बोलावलं, आणि तुम्ही लोक मध्य अमेरिकेत जाऊन वसाहत करा असा सल्ला दिला. ज्यांच्या घामावर तो देश उभा राहिला त्यांनाच देश सोडायला सांगायचं! त्याच महिन्यात होरेस ग्रीली या संपादकाला त्याने पत्र लिहिलं. त्याचा आशय असा, की माझं पहिलं काम संघराज्य वाचवणं. एकही गुलाम मुक्त न करता ते वाचत असेल तर तसं करीन, सगळे मुक्त करून वाचत असेल तर तसं करीन.

आता गंमत बघा. आपल्याकडे शाळाशाळांतून लिंकनचं एक पत्र लावलेलं असतं, मुलाच्या मुख्याध्यापकांना लिहिलेलं. वसंत बापटांच्या मराठीमुळे ते घरोघरी पोचलं. पत्र सुंदर आहे, पण ते लिंकनने लिहिल्याचा पुरावा कुठे सापडत नाही. म्हणजे, ज्याचा पुरावा नाही ते पत्र आपल्या भिंतीवर, आणि जे खरोखर लिहिलं त्याचा आपल्याला पत्ता नाही.

पण बाबासाहेबांना पत्ता होता, बरं का! काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले, या १९४५ च्या ग्रंथात त्यांनी ग्रीलीला लिहिलेल्या त्याच पत्राचा आधार घेतला. गुलामांचा मुक्तिदाता म्हणून ज्याची ख्याती, त्याच्यावर हे पत्र वेगळाच प्रकाश टाकतं, असं त्यांनी दाखवलं. संघराज्य आणि काळे लोक या प्रश्नांकडे लिंकन जसा पाहत होता, तसेच गांधीजी स्वराज्य आणि अस्पृश्य या प्रश्नांकडे पाहतात, अशी तुलनाही केली. हे वाचून दाखवलं तेव्हा बाबा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "बाबासाहेबांनीच तपासलंय, तर मी कोण?"

मग फोटो काढायचाच का? थांबा. जमाखर्चाला दुसरं पानही असतं.

१ जानेवारी १८६३ रोजी लिंकनने मुक्तीचा जाहीरनामा काढला. तो अपुरा होता. बंडखोर प्रदेशालाच तो लागू होता. केंटकी, मिसुरी, मेरीलँड, डेलावेअर या सरकारच्या बाजूने राहिलेल्या राज्यांतले गुलाम गुलामच राहिले. पण त्या जाहीरनाम्याने काळ्या माणसाला सैन्याचं दार उघडलं. सुमारे १ लाख ८० हजार काळे सैनिक लढले. त्याच्या आधीपासूनच हजारो गुलाम मळे सोडून सरकारी फौजेच्या छावण्यांत येत होते. हे लोक वाट बघत बसले नव्हते, तेच लिंकनला पुढे ढकलत होते.

त्यातलाच एक फ्रेडरिक डग्लस. मेरीलँडमध्ये गुलाम म्हणून जन्मला, चोरून अक्षर शिकला, १८३८ मध्ये पळाला आणि वक्ता, संपादक झाला. स्वतःची दोन मुलं त्याने फौजेत धाडली. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर, काळ्याला १०, आणि त्यातून कपड्यांचे ३ कापायचे. ऑगस्ट १८६३ मध्ये डग्लस हे गाऱ्हाणं घेऊन थेट राष्ट्राध्यक्षांकडे गेला. काळ्यांना देश सोडायला सांगणारा लिंकन आता काळ्या माणसाचं ऐकून घेत होता. ११ एप्रिल १८६५ च्या अखेरच्या भाषणात तर तो म्हणाला, की शिकलेल्या काळ्यांना आणि लढलेल्या सैनिकांना मत मिळावं असं मला वाटतं. तेवढंही एकाला सहन झालं नाही. गर्दीत उभ्या असलेल्या जॉन विल्क्स बूथने तीन दिवसांनी त्याला गोळी घातली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तेरावी घटनादुरुस्ती मंजूर झाली आणि गुलामगिरी कायद्याने संपली.

इथे आम्हाला थॉमस जेफरसन आठवला. सर्व माणसं समान, असं १७७६ च्या जाहीरनाम्यात लिहिणारा तोच. आयुष्यभरात सहाशेच्या वर माणसं त्याच्या मालकीची होती, आणि मेल्यावर कर्जापायी १८२७ मध्ये त्यातली १३० लिलावाला निघाली. एकाचे शब्द मोठे, पाऊल जागच्या जागी. दुसऱ्याचे शब्द तोकडे, पण पाऊल पुढे पडत गेलं. माणूस कुठून निघाला एवढंच पाहू नये. कुठवर आला आणि त्याला कोणी आणलं, हेही पाहावं.

डग्लसने नेमकं हेच केलं. १४ एप्रिल १८७६ रोजी वॉशिंग्टनमध्ये लिंकनच्या पुतळ्याचं अनावरण झालं. पैसे मुक्त झालेल्या गुलामांनी जमवलेले. शार्लट स्कॉट नावाच्या बाईने पहिले ५ डॉलर दिले होते. भाषण डग्लसचं. समोर राष्ट्राध्यक्ष ग्रँट बसलेले. अशा प्रसंगी तो म्हणाला, की लिंकन मुळात गोऱ्यांचा राष्ट्राध्यक्ष होता, आम्ही त्याची सावत्र लेकरं. आणि त्याच भाषणात त्याचे ऋणही मनापासून मानले.

पण त्या पुतळ्यात लिंकन उभा आहे आणि काळा माणूस त्याच्या पायाशी गुडघ्यावर आहे. डग्लसने काही दिवसांत वर्तमानपत्राला लिहिलं, की मला मरण्यापूर्वी ताठ उभ्या काळ्या माणसाचं स्मारक पाहायचं आहे. या बागेत आणखी एका स्मारकाला जागा आहे. ते त्याला पाहायला मिळालं नाही. १९७४ मध्ये त्याच बागेत मेरी मॅक्लाउड बेथ्यून या काळ्या शिक्षिकेचा पुतळा उभा राहिला. २०२० मध्ये बोस्टन शहराने तिथली या पुतळ्याची प्रतिकृती हलवली. वॉशिंग्टनचा पुतळाही काढा म्हणून तरुण उभे राहिले, आणि आमच्या आज्या-पणज्यांच्या पैशाचा आहे, ठेवा, म्हणणारेही काळेच होते. आपल्या वाचनालयातलं भांडण ते हेच!

बंधू-भगिनींनो, जोतिरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना. कुठलं पुणं, कुठली अमेरिका! ती कृतज्ञता आपला वारसा आहे. बाबासाहेबांची तपासणी हाही आपलाच वारसा. २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत ते बजावून गेले, की थोरांबद्दल कृतज्ञ असावं, पण कृतज्ञतेला मर्यादा आहेत. राजकारणातली भक्ती माणसाला अधोगतीकडे आणि हुकूमशाहीकडे नेते. गुडघ्यावर बसून मानलेले आभार त्यांना नको होते. त्यांच्या स्वतःच्या फोटोला हार घालताना हे आपण विसरतो. हार दरवर्षी नवा असतो, आणि कपाटातले खंड न उघडता जुने होतात. हा दोष आमचाही आहे.

तर निकाल ऐका. लिंकनचा फोटो परत लागला. त्याच्या शेजारी, त्याच उंचीवर, फ्रेडरिक डग्लसचा फोटो लागला. फ्रेमचे पैसे बाबांनी दिले, खिळा त्या मुलीने ठोकला. खाली दोघांची माहिती तिनेच लिहिली आहे, चांगली आणि वाईट दोन्ही. कार्यक्रम संपल्यावर जेवणाआधी सर्वांनी ती वाचावी, मुलांना वाचून दाखवावी, ही विनंती. आणि पटलं नाही तर रविवारी सकाळी वर्गाला या. भांडायला जागा आहे.

नमो बुद्धाय! जय भीम!