दूरसंचार : गुंतवणूक कोणाची, परतावा कोणाला?

(वाशिम येथील व्याख्यानाचा संक्षेप)

वाशिम जिल्हा १९९८ साली अकोल्यातून वेगळा झाला आणि २०१८ साली केंद्राच्या ‘आकांक्षित’ जिल्ह्यांच्या यादीत गेला. मागास म्हणायचे नाही, म्हणून आकांक्षित! अशा जिल्ह्यात, मानोऱ्याच्या एखाद्या आडगावापर्यंत, दूरसंचाराचे जाळे नेण्यात पैसा घालावा काय? भांडवलदाराचे उत्तर ठरलेले आहे. दाट वस्तीतला मनोरा हजारो ग्राहक देतो. इथे तेवढ्याच खर्चाचा मनोरा मोजक्या घरांसाठी उभा राहतो.

पण हिशेब किती वर्षांचा धरायचा? भूमिगत प्रकाशतंतूच्या खर्चात मोठा वाटा काचेचा नसतो, खोदाईचा असतो. तंतू वीस-पंचवीस वर्षे टिकतो. दोन्ही टोकांची यंत्रे बदलली की त्याच तंतूची वहनक्षमता अनेक पटींनी वाढते. कारंज्याच्या बाजार समितीतला सोयाबीनचा भाव गाडी भरण्यापूर्वी ज्याला कळला, त्याच्या पदरी पडलेले चार पैसे कोणत्या कंपनीच्या ताळेबंदात दिसणार? यालाच आम्ही फळ्यावर ‘बाह्य लाभ’ असे लिहीत असू. जो लाभ कंपनीच्या हाती येत नाही, त्यासाठी ती खोदाई करणार नाही. ते काम सार्वजनिक भांडवलाचेच.

शासनाला हे ठाऊक नव्हते असे नाही. सार्वत्रिक सेवेसाठी २००२ पासून कंपन्यांच्या महसुलावर आकार आहे. परंतु ती रक्कम आधी देशाच्या एकत्रित निधीत जाते, आणि वर्षानुवर्षे जमेच्या मानाने खर्च कमीच राहिला. ग्रामपंचायती जोडण्याची योजना २०११ मध्ये मंजूर झाली, तीच पुढे भारतनेट झाली. ऑगस्ट २०२३ मध्ये सुधारित योजनेसाठी १,३९,५७९ कोटी रुपये मंजूर करावे लागले. आता जोडणी वलयाकार असेल, म्हणजे एका ठिकाणी तंतू तुटला तरी गाव तुटणार नाही; आणि कंत्राटात दहा वर्षांची देखभाल आहे. हे शहाणपण बारा वर्षे उशिरा आले!

खासगी कार्यक्षमतेचे गोडवे गाणाऱ्यांनी एवढे पाहावे : वोडाफोन आयडियाची देणी समभागांत बदलून २०२५ मध्ये शासन तिचे सुमारे ४९ टक्क्यांचे भागधारक झाले. जोखीम अखेर जनतेच्याच माथी आली. मग मालकी आधीपासून का नको?

गेल्या पावसाळ्यात एका रेशन दुकानात अंगठ्याचे यंत्र जाळ्याअभावी बंद होते. एक म्हातारी तिसऱ्यांदा रोज बुडवून आली होती. म्हणून माझी मागणी लहानशी आहे. जोडणी किती दिवस बंद होती, हे ग्रामपंचायतीच्या भिंतीवर दरमहा लिहावे, आणि ग्रामसभेने ती नोंद मान्य केल्यावरच देखभालीचे देयक फेडावे.