दगडाखालचें सोनें

मॉरिशस बेटांतील वृद्ध माणसें आपल्या नातवंडांना एक गोष्ट सांगत आलीं आहेत. मजूर गोळा करणारा दलाल हिंदुस्थानांतील खेड्यापाड्यांतून फिरे आणि म्हणे, "त्या देशीं दगड उलटला कीं खालीं सोनें सांपडतें." ही गोष्ट अक्षरशः खरी मानण्याचें कारण नाहीं; आपला शेतकरी भोळा असला तरी इतका भोळा खचित नव्हे. परंतु सावकाराचें देणें, खंडाचें भात आणि पावसानें दिलेला दगा यांनीं गांजलेल्या मनुष्याला दरमहा पांच रोख रुपयांची वार्ताहि सोन्यासारखीच वाटली असेल, यांत नवल तें काय?

हें बेट मादागास्करच्याहि पूर्वेस हिंदी महासागरांत वसलेलें असून त्याचा विस्तार सुमारें ७२० चौरस मैल आहे. १८१० सालीं इंग्रजांनीं तें फ्रेंचांपासून जिंकलें. तथापि मळे, भाषा व चालीरीति फ्रेंचच राहिल्या. उसाच्या मळ्यांवर गुलाम राबत. १८३५ च्या फेब्रुवारींत तेथें गुलामगिरी कायद्यानें बंद झाली आणि पुढील चार वर्षांची सक्तीची उमेदवारी संपतांच बहुतेक मुक्त गुलामांनीं मळ्यांकडे पाठ फिरविली. असें होणार हें मळेवाल्यांनीं अगोदरच ओळखलें होतें. त्यामुळें २ नोव्हेंबर १८३४ रोजींच 'अ‍ॅटलस' नांवाचें जहाज कलकत्त्याहून छत्तीस मजूर घेऊन पोर्ट लुई बंदरास लागलें होतें. पुढें मद्रास व मुंबई येथूनहि जहाजें सुटूं लागलीं. १९१० पर्यंत सुमारें साडेचार लाख माणसें या वाटेनें गेलीं. त्यांपैकीं स्वदेशीं परतलीं तीं तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास.

मुंबईहून जाणाऱ्यांत कोंकणची मराठी माणसें होतीं. समुद्र त्यांच्या ओळखीचा होता. पण किनारा दिसेनासा झाल्यानंतरचा समुद्र निराळा. वारा अनुकूल असला तर शिडाचें जहाज महिन्याभरांत पोहोंचे, नसला तर दीड-दोन महिनेहि लागत. तळमजल्यावर दाटीवाटीनें निजावयाचें, मापानें मिळणारें पाणी प्यावयाचें, एका भांड्यांत शिजलेलें अन्न सर्वांनीं खावयाचें. जातीपातीचे निर्बंध सुधारकांच्या व्याख्यानांनीं जितके ढिले झाले नसतील, तितके ते या जहाजांवर झाले. पटकीची सांथ उद्भवली म्हणजे मात्र हाल विचारूं नयेत. १८५६ च्या जानेवारींत कलकत्त्याहून आलेल्या दोन जहाजांतील उतारूंना गॅब्रिएल नांवाच्या ओसाड बेटावर उतरवून ठेवण्यांत आलें. तेथें पुरेसा निवारा नव्हता व औषधोपचाराची सोयहि नव्हती. दोनशेंहून अधिक माणसें मुख्य बेटाचा किनारा समोर दिसत असतां मरण पावलीं.

जे सुखरूप उतरत, ते पोर्ट लुई येथील डेपोच्या सोळा पायऱ्या चढून आंत जात. तेथें कारकून प्रत्येकाचें नांव, बापाचें नांव, गांव, उंची आणि अंगावरील खूण वहींत लिहून घेई व त्याला एक क्रमांक देई. येथें एक विलक्षण गोष्ट घडली. पुढें मुलाबाळांच्या कागदपत्रांत बापाचें नांवच आडनांव म्हणून रूढ झालें. सखाराम, रामजी, भिवाजी हीं आज तेथें आडनांवें आहेत. मूळचें आडनांव समुद्राच्या अलीकडेच राहिलें.

मळ्यावर करार पांच वर्षांचा. पगाराखेरीज तांदूळ, डाळ, मीठ व थोडेंसें वस्त्र मिळे. परंतु एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांचा पगार कापण्याचा नियम होता. हा हिशेब एकदां करून पाहावा. महिन्याचे सव्वीस दिवस कामाचे धरले, तर पांच रुपयांत रोजचे तीन आणे पडतात. तापानें सहा दिवस अंथरूण धरणाऱ्याचे बारा दिवस गेले. म्हणजे सुमारें सव्वादोन रुपये बुडाले. तें बेट हिंवतापाचें, हें येथें सांगितलें पाहिजे.

आणि दगड! ज्वालामुखीनें घडविलेल्या त्या भूमींत काळे दगड इतके कीं, ते वेंचल्याशिवाय उसाचें कांडें लावणें अशक्य. मजुरांनीं ते हातांनीं उचलले व शेतांच्या मध्यभागीं त्यांचे मनोरे रचले. ते काळे ढीग उसाच्या हिरव्या शेतांतून आजहि उभे आहेत. दगड उलटले, हें खरें. खालीं सोनें निघालें तें साखरेचें, आणि तें मळेवाल्याच्या पेटींत गेलें.

करार संपला तरी मनुष्य मोकळा होत नसे. १८६७ च्या कायद्यान्वयें त्याला छायाचित्र लावलेला परवाना जवळ बाळगावा लागे. तो नसला तर तुरुंग. याविरुद्ध १८७१ सालीं नऊ हजारांहून अधिक लोकांच्या सह्या व निशाण्या असलेला अर्ज सरकारकडे गेला. तो तयार करविणारा अडॉल्फ द प्लेविट्झ हा स्वतः मळ्याशीं संबंध असलेला गोरा गृहस्थ होता, व त्याबद्दल त्यानें आपल्याच जातभाईंचा मारहि सोसला. शाही चौकशीमंडळ आलें, १८७५ मध्यें अहवाल झाला, १८७८ मध्यें कायदा कांहींसा सौम्य झाला.

नंतर मोठे मळे तुकड्यांनीं विकले जाऊं लागले, आणि पै-पै सांठविलेल्यांनीं एकेक तुकडा घेतला. मराठी कुटुंबें नैर्ऋत्येकडील कास्कावेल, व्हाकोआ, हेन्रिएटा या बाजूंस वसलीं. गणपति बसूं लागले. कोंकणांतील जाखडी तेथें 'झाकरी' या नांवानें नाचली जाऊं लागली. घरांतील बोली मात्र हळूहळू क्रिओल झाली. १९६८ सालीं बेट स्वतंत्र झालें आणि आज गणेशचतुर्थी तेथें सरकारी सुटीचा दिवस आहे.

डेपोंतील त्या वह्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेंत जतन केलेल्या आहेत. पणतू-खापरपणतू तेथें येऊन आपल्या पूर्वजाचा क्रमांक शोधतात. नांव सांपडतें, उंची सांपडते, गालावरील व्रणहि सांपडतो. परंतु गांवाचें नांव परक्या कारकुनानें जसें कानीं पडलें तसें लिहिलेलें असतें. तें कोणतें गांव असावें, याचा तर्क करीत ते बराच वेळ वहीसमोर बसून राहतात, आणि एकच शब्द निरनिराळ्या तऱ्हांनीं उच्चारून पाहतात.