आईबापांचें शिक्षण आणि मुलांचा अभ्यास

(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या पालकसभेंत केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं आपण परमेश्वराचे उपकार आठवीत आहों. त्या उपकारांत शाळेची गणना अवश्य केली पाहिजे. कारण आपल्या वसई प्रांतीं कितीतरी गांवीं विद्येचा दिवा प्रथम लागला तो देवळाच्या सावलींतच. परंतु आज मी शाळेविषयीं बोलणार नाहीं. शाळा सुटल्यावर मूल ज्या उंबरठ्याच्या आंत पाऊल टाकतें, त्या घराविषयीं चार शब्द बोलणार आहे.

एकाच वर्गांत, एकाच शिक्षकाच्या हाताखालीं शिकणाऱ्या मुलांपैकीं एक पुढें जातें व दुसरें मागें पडतें, असें कां होतें? आपण म्हणतों, "ज्याचें त्याचें डोकें!" हें उत्तर सोपें आहे, पण पुरें नाहीं. जेम्स कोलमन या समाजशास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखालीं अमेरिकेंतील सुमारें 4,000 शाळांची पाहणी झाली व तिचा अहवाल 1966 सालीं प्रसिद्ध झाला. इमारती, पुस्तकें व प्रयोगशाळा यांच्या भेदामुळेंच मुलांच्या प्रगतींत भेद पडत असावा, अशी पुष्कळांची समजूत होती. आढळलें तें निराळेंच. शाळेच्या साधनसामग्रीपेक्षां मुलाच्या घरच्या परिस्थितीचा प्रभाव अधिक दिसून आला.

हा प्रभाव चालतो कसा? शिकलेल्या घरांतील मुलाच्या कानांवर पुस्तकी भाषा शाळेंत जाण्यापूर्वींच पडलेली असते. आपल्या सामवेदी बोलींत वाढलेल्या मुलाला मात्र पाठ्यपुस्तकांतील मराठीहि आरंभीं परकी वाटते. आणि त्याला इंग्रजी माध्यमांत घातलें कीं, एकाऐवजीं दोन डोंगर चढावे लागतात. शिवाय शिष्यवृत्तीचा अर्ज केव्हां करावा, कोणती परीक्षा कशासाठीं द्यावी, शिक्षकांना काय विचारावें, हें शिकलेल्या बापाला ठाऊक असतें. पहांटे भाजी व फुलें घेऊन मुंबईचा बाजार गांठणाऱ्या बापाला तें कोण सांगणार? 2009 सालच्या कायद्यानें 6 ते 14 वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क दिला खरा. पण घरांत निवांत कोपरा देणें कोणत्याहि कायद्याच्या हातीं नाहीं.

हें ऐकून एखादी माता म्हणेल, "फादर, मी तर अक्षरशत्रु, माझ्या मुलाचें नशीब मग ठरलेलेंच!" बाई, तसें मुळींच नाहीं. इंग्लंडांतील प्राथमिक शाळांविषयींचा प्लाउडन अहवाल 1967 सालीं निघाला. त्यांत असें दिसलें कीं, मुलाच्या शिक्षणाविषयीं आईबापांची जी वृत्ति व आस्था असते, तिचें वजन घरच्या परिस्थितीहून व शाळाशाळांमधील भेदांहूनहि अधिक पडतें. पदवी एका दिवसांत मिळत नाहीं; आस्था मात्र आज रात्रींपासून दाखवितां येते.

संत डॉन बॉस्को यांची माता मार्गारीता हिला लिहितां वाचतां येत नव्हतें. 1817 सालीं तिचा पति वारला, तेव्हां योहान दोन वर्षांचाहि नव्हता. तिनें त्याला प्रार्थना व धर्मशिक्षण तोंडपाठ शिकविलें. थोरला सावत्र भाऊ त्याच्या पुस्तकांवर चिडे, म्हणून तिनें काळजावर दगड ठेवून मुलाला दुसऱ्याच्या शेतावर कामास धाडलें, पण त्याच्या शिक्षणाची आशा सोडली नाहीं. पुढें 1846 सालीं तीच माता तूरिन शहरीं त्याच्या अनाथ मुलांची आई झाली. जिला अक्षर येत नव्हतें तिच्या घरांतून हजारों मुलांचा शिक्षक निघाला!

तेव्हां माझी विनंति अशी. रात्रीं जपमाळ झाल्यावर घटकाभर दूरदर्शन व मोबाईल बंद असूं द्या. "आज काय शिकलास?" हें मुलाला आपल्या बोलींतच विचारा, व त्याचें उत्तर पुरतें ऐका, समजावून सांगतां सांगतां त्याचा धडा पक्का होतो. शाळेच्या पायरीवर संकोचूं नका. 1965 च्या व्हॅटिकन परिषदेच्या घोषणेनें आईबापांनाच मुलांचे पहिले व प्रमुख शिक्षक म्हटलें आहे. आणि शिकलेल्या आईबापांनो, शिकवणीची फी भरली म्हणजे कर्तव्य संपलें असें मानूं नका. मुलाला तुमच्या पैशाइतकाच तुमचा वेळहि हवा आहे.

शिक्षकबंधूंना एकच सांगणें आहे. "घरचें वळणच तसें!" असें म्हणून कोणत्याहि मुलाला मागच्या बाकावर सोडूं नका. ज्याच्या घरीं आधार थोडा, त्यालाच चांगल्या शाळेचा लाभ सर्वांत अधिक होतो, हेंहि त्याच कोलमन अहवालांत नमूद आहे.

आणि आपण सर्व धर्मग्रामस्थांनीं या ज्युबिलीची खूण म्हणून काय करावें? रोषणाई चार दिवसांची. तिच्या खर्चांतून थोडें वाचवून देवळाच्या सभागृहांत रोज संध्याकाळीं दोन तास अभ्यासिका उघडूं या. एका खोलींत सहा माणसें राहतात अशा घरांतील मुलाला तेथें दिवा, बाक आणि शंका विचारावयास एखादा शिकलेला दादा किंवा ताई लाभूं द्या.

नाझरेथच्या सुताराच्या घरीं आपला प्रभु ज्ञानानें व वयानें वाढला. त्या पवित्र कुटुंबाचा आशीर्वाद आपल्या प्रत्येक घरावर, आणि विशेषतः जेथें आईबापांना अक्षर येत नाहीं पण मुलाविषयीं आशा आहे अशा घरांवर, सदैव राहो, हीच प्रार्थना.