सरकी आपली, पेंड कुणाची?



एक क्विंटल कापूस जिनिंगवर गेला की साधारण 34 किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. तिचं तेल निघतं आणि पेंड पोत्यात भरून आपल्याच दावणीला येते, व्यापाऱ्याच्या भावानं. पैसा मोजायचाच, तर पेंडीत काय आहे ते आपण जाणून घेऊ.

सरकीत गॉसिपॉल नावाचं विष असतं. मोठ्या जनावराचं पोट बेताच्या पेंडीतलं हे विष निकामी करतं. दूधपित्या वासराचं पोट तेवढं तयार नसतं. तीन-चार महिने त्याला सरकी पेंड नको. डुकराच्या पिलाला तर नकोच, त्याचं पोट एककप्पी. त्याला सोयाबीनची पेंड चालते. कच्चं सोयाबीन मात्र पचत नाही, भाजावंच लागतं.

आता एन्झाइमची पुडी. ज्वारीतला बराच स्फुरद फायटेटमध्ये अडकलेला असतो. डुकराला, कोंबडीला तो नीट सोडवता येत नाही, म्हणून 1991 साली फायटेज बाजारात आलं. तिथं ते कामाचं. बैलाच्या पोटातले जंतू ते स्वतःच तयार करतात. मग बैलासाठी ती पुडी कशाला?

नांदूरघाटहून एवढं ठरवून जाऊ. टरफलासकट पेंडीत प्रथिनं सुमारे 22 टक्के, सोललेल्या सरकीच्या पेंडीत 40 च्या आसपास. पोत्यावरचा आकडा वाचायचा, किलोमागं नव्हे तर प्रथिनामागं भाव काढायचा. आकडा नसेल, तर पोतं परत!